मोटारीचा खांदा

मी घरजावई होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या रिकामपणाचा वाटा मोठा आहे. मानोऱ्याहून कारंज्याला जाणाऱ्या वाटेवर माझ्या सासुरवाडीचं गाव. शेतीचा कारभार मेव्हणा बघायचा, गुराढोरांना गडी होते, आणि मी कशालाही हात लावला की कोणीतरी धावत यायचं. "राहू द्या ना जवाईबापू, तुमी कायले?" असा मान फार दिवस मिळाला की माणूस एक तर लठ्ठ होतो नाही तर चौकस. मी दोन्ही झालो, पण चौकस जरा जास्त.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. पेट्रोल मोजूनमापून मिळायचं आणि तरीही मेव्हण्याने एका जिनिंगवाल्याची जुनी मोटार घरी आणली. लोकांना कारंज्याला बाजाराला आणि छोट्या आगगाडीला पोचवायचं, हा विचार. त्यासाठी गावच्या वाढयाने, म्हणजे सुताराने, मोटारीचा मागचा अर्धा भाग कापून टाकला आणि तिथे सागवानी फळ्यांची लांबट पेटी ठोकली. आत समोरासमोर बाकं, वर ताडपत्री. मोटारीचं तोंड साहेबाचं आणि धड बैलगाडीचं झालं. गावाला ती फार आवडली. मलाही आवडली, पण माझं सगळं लक्ष तिच्या पोटाकडे.

मूळच्या मोटारीत पायडलापासून इंजिनापर्यंत एक लोखंडी दांडी होती. पाय दाबला की दांडी सरकायची, इंजिनाच्या घशातलं झाकण उघडायचं आणि मोटार पळायची. वाढयाने फळ्यांची नवी जमीन टाकली तेव्हा त्याची एक तुळई नेमकी दांडीच्या वाटेत आली. तुळई हलवली तर पेटी लचकेल, असं त्याचं म्हणणं, आणि वाढयाशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय! शेवटी अकोल्याहून एक मिस्त्री आणला. त्याने दांडी काढून फटफटीची तार बसवली. बोटाएवढ्या जाडीच्या नळीत तार, पायडलापाशी आत शिरणारी, फळ्यांच्या खालून उघड्यावरून वळसा घेत इंजिनाकडे जाणारी. तिकडच्या टोकाला एक नट होता. तार सैल वाटली की नट पिळायचा, ताठ वाटली की सोडायचा. इतकं साधं.

मोटारीबरोबर तिचा ड्रायव्हरही आला. कारंज्याचा मुसलमान गृहस्थ, दाढी पांढरी, अंगात खाकी कोट. जिनिंगवाल्याकडे त्याने हीच मोटार चालवली होती. मोटार विकली तेव्हा तो मेव्हण्याला म्हणाला होता, "इले मी वयखतो, मले हे वयखते. आमाले दोघाईले संगंच न्या." घरात सगळे त्याला चाचा म्हणू लागले. फाटकाजवळच्या खोलीत तो राहायचा. त्याला दुसरं कोणी नव्हतं. दुपारी रिकाम्या वावरात तो मला मोटार शिकवायचा आणि मी गिअर खरडला की डोळे मिटून "या अल्ला" म्हणायचा.

पावसाळाभर सगळं ठीक चाललं, फक्त चाचा तारेपाशी बोट ठेवून "इथं घासते" म्हणायचा. दिवाळी होऊन थंडी पडू लागली आणि तारेने नखरे सुरू केले.

सकाळी मोटार निघताना पायडल ढिलं असायचं. चाचाने पाय उचलला की पायडल टपकन वर यायचं, पण तार मागेच रेंगाळायची. मध्ये चांगला झोल पडलेला दिसायचा. पुन्हा पाय दिला की पायडल आधी त्या झोलातून रिकामंच खाली जाई आणि मग मोटार एकदम हिसका मारून सुटे. मागच्या बाकावरच्या बाया एकमेकींच्या मांडीवर पडत. चाचा उतरायचा, नट पिळायचा, झोल काढायचा. कारंज्याला पोचेपर्यंत ऊन चढलेलं असे, आणि तिथे भलतंच होई. आता तार इतकी ताठ असे की पाय पूर्ण उचलला तरी मोटार घरघरत पुढे ओढतच राही. मग चाचा पुन्हा उतरून नट सोडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी झोल हजर.

हे मला कळलं तेव्हापासून माझ्या डोक्यात किडाच शिरला. तार ती, नट तो, मग सकाळी सैल आणि दुपारी ताठ काहून? मी शाळेत शिकलो होतो की धातू थंडीत आखडतो आणि उन्हात लांबतो. त्या हिशेबाने हे नेमकं उलटं व्हायला हवं होतं. म्हणजे एक तर शाळा खोटी नाही तर तार खोटी. मी सरळ शाळेवर संशय घेतला. मग वाटलं, भार पडल्यावर वाढयाची पेटी लवत असेल. म्हणून गड्यांना बाकांवर बसवून पाहिलं. ते आनंदाने बसले, विड्या ओढल्या, तार जिथल्या तिथे. मग दंव धरलं. रात्रभर नळीला गोधडी गुंडाळून ठेवली. सकाळी झोल थोडा कमी आढळला आणि मला वाटलं आपण जिंकलो. मेव्हण्याने ती गोधडी पाहिली आणि बहिणीला विचारलं, "याईले बरं नाही का?"

बायको मात्र माझ्या बाजूने होती. निदान माझी चेष्टा घरातल्या घरात करायची.

आणि मग तो बाजाराचा दिवस आला. भर दुपारी कारंज्याच्या बाजारात, कापसाच्या गाड्यांच्या रांगेतून मोटार हळूहळू जात होती. नट अजून सोडायचा राहिला होता. चाचाने पाय उचलला तरी मोटार थांबली नाही, पुढे गेली आणि एका पेरूवाल्या म्हातारीच्या टोपलीवर चढली. म्हातारी कशीबशी बाजूला झाली म्हणून वाचली. पेरूंचा चेंदामेंदा झाला. लोक धावून आले, मेव्हणा त्या वेळी तिथेच बाजारात होता, त्याने सगळ्यांसमोर मान खाली घालून त्यांची समजूत काढली. पण घरी आल्यावर त्याचा आवाज चढला.

"तारीचं बहानं रोजचंच झालं," तो ओट्यावरून चाचाला म्हणाला. "आज म्हतारी वाचली. उद्या कोन मेलं तर मी काय सांगू, तारीनं मारलं म्हनून? तुमचा पाय आता पैल्यासारका राह्यला नाही, चाचा. येत्या बाजारपर्यंत चालवा. मंग मी दुसरा मानूस पाहतो."

चाचा उभा होता. जाताना माझ्याजवळ थांबून एवढंच म्हणाला, "मोटार सोडून मले काय येते, जवाईबापू?"

मला मेव्हण्याचा राग आला. तो दुष्ट नव्हता, पण एकदा ठरवलं की ठरवलं, अशातला. मला खात्री होती की दोष तारेत आहे. रोज सकाळी एक आणि रोज दुपारी दुसरं, असा वेळ बघून माणसाचा पाय बिघडतो होय? पण हे नुसतं म्हणून भागणार नव्हतं, दाखवून द्यायला हवं होतं. आधी मी गंमत म्हणून खटपट करत होतो, आता पुढच्या बाजाराच्या आत ते शोधायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला मोटारीत चाचाच्या जागी बसवलं. पदर डोक्यावर, तोंडात हसू, पाय पायडलावर. मी तारेच्या दोन्ही टोकांना लाल दोरा बांधला आणि स्वतः इंजिनापाशी वाकलो. "दाब," म्हटलं. तिने दाबलं. माझ्याकडचा दोरा हलला. "सोड," म्हटलं. तिने पाय उचलला, पायडल वर गेलं, पण माझ्याकडचा दोरा अगदी आळसावल्यासारखा, थांबत थांबत परत आला आणि अर्ध्या वाटेत थबकला. म्हणजे तार लांबतही नव्हती आणि आखडतही नव्हती. नळीत अडकत होती! मधल्या वाटेत काहीतरी तिला धरून ठेवत होतं. चाचा सकाळी झोल पाहून नट पिळायचा, पण तो खरा झोल नव्हताच. दुपारी ते धरून ठेवणारं सुटलं की तार पूर्ण मागे जायची आणि सकाळचं पिळणं अंगाशी यायचं. शाळा खरी होती, याचा मला थोडा खेदच झाला.

पण धरून ठेवणारं कोण, आणि ते दुपारी कुठे जातं? मी न्हाणीतला ऊन पाण्याचा तांब्या आणून नळीवर ओतला. बायकोने पुन्हा पाय दाबला, सोडला. दोरा टुणकन परत आला. पुन्हा दाबला, पुन्हा टुणकन. मी तिथेच चिखलात उड्या मारल्या. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या, लेक मोटार चालवायला बसलेली आणि जावई मोटारीला आंघोळ घालून नाचतो आहे असं पाहून तशाच आत गेल्या.

मी तार ओढून बाहेर काढली. तिला पिवळसर, घट्ट, रवाळ काहीतरी चिकटलेलं होतं. वंगण असं नसतं. मी बोटाने काढून बायकोपुढे धरलं. तिने वास घेतला आणि तिचं हसूच थांबलं.

"हे तं तूप हाय," ती म्हणाली. "हयद घातलेलं. खांदशेकनीचं."

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून जिथे घासलेलं असतं, तिथे ऊन पाणी लावून, हळद कालवलेलं तूप पळसाच्या पानाने चोळतात आणि बैलाच्या कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे काम आमच्या घरी सासूबाईंचं. त्या दिवशी त्या उपाशी राहत आणि एकेका बैलाशी असं बोलत की जणू तो माहेराहून आलाय.

तूप तारेत गेलं कसं, हे विचारायचं तर सासूबाईंनाच. आणि सासूबाई माझ्याशी थेट बोलत नसत. जावयाचा मान म्हणून त्या भिंतीशी बोलत किंवा लेकीशी, आणि मी पलीकडून ऐकायचं. माजघराच्या दाराच्या या बाजूला मी, त्या बाजूला त्या, आणि मध्ये माझी बायको उंबऱ्यावर, अशी ती चौकशी झाली.

"विचार, मोटारीच्या नळीत तूप कोणी घातलं," मी म्हटलं.

"सांग त्याईले, म्या घातलं," आतून उत्तर आलं. आवाजात लपवाछपवी कणभर नाही. "बैलाची एक जोडी विकून तं हे मोटार घेतली. जे आपल्या घरचं वझं वाहते, त्याचा खांदा शेकाव लागते का नाही? नुसतं हयदकुकू लावून कसं होते?"

"विचार, मोटारीचा खांदा त्यांना कुठे दिसला?"

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "म्या पाह्यलं ना. चाकं तं फिरून राह्यली, त्याईले खांदा कायचा? ते इंजन तापून राह्यलं, ते झालं पोट. पन तो ड्रायवर रोज त्या तारीपाशी बोट ठेवून म्हने, इथं घासते, इथं घासते. मंग जिथं घासते तोच खांदा. सांग त्याईले, पोळ्याले घातलं आन् मंग दर अवसेलेही घातलं. ऊन करून घातलं. थंडं नाही घातलं."

आमच्या घरी अमावास्येला बैल जुंपत नसत, आणि मोटारही त्या दिवशी उभी असे. म्हणजे दर अमावास्येला, सगळं सामसूम असताना, ही बाई वाटीत तूप पातळ करून, हळद कालवून, फळी उचलून नळीच्या तोंडात पळी रिकामी करत होती. पावसाळ्यात ते वाहून जायचं. थंडीत नळीच्या वळणावर गोठून बसायचं आणि उन्हाबरोबर वितळायचं.

मी उंबऱ्याबाहेर किती तरी वेळ नुसता थक्क होऊन बसलो. मी थंडी, ऊन, दंव, फळ्या सगळं तपासलं, आणि मोटारीत सगळ्यात जास्त घासणारी जागा कोणती हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. त्यांना तो सुचला आणि त्यांनी अचूक उत्तरही शोधलं. फक्त औषध बैलाचं दिलं. मला त्या बाईचं इतकं कौतुक वाटलं की मी भिंतीला नमस्कार केला. बायको म्हणाली, "आता हे दादाले कोन सांगते?"

खरा पेच तो होता. मेव्हण्याला सांगायचं म्हणजे त्याच्या आईची चूक त्याच्या पुढ्यात मांडायची, आणि तीही कोणी, तर घरजावयाने. मी शब्द जुळवत होतो. पण संध्याकाळी मेव्हणा जेवायला बसला तेव्हा सासूबाईंनी भाकरी वाढता वाढता स्वतःच सांगितलं, "तुही मोटार म्या बिघडवली. तूप घातलं. त्या म्हताऱ्या मानसाले काहून काढतं?" मेव्हण्याचा घास हातातच राहिला. त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वरणाकडे पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नळी काढून आधी ऊन पाण्याने आणि सोड्याने धुतली, मग तार आणि नळी रॉकेलमध्ये बुडवली. शिंप्याकडून शिवणयंत्राचं पातळ तेल आणलं. चाचा सगळं स्वतः करत होता, पण बोलत नव्हता. मला वाटलं, माणूस भारावला आहे. तूप निघताना मी त्याला सासूबाईंचं खांदाशोधन सांगितलं तेव्हा तो हसला, मग म्हणाला, "जिनिंगवाल्याकडे इतकी वर्सं होतो. तिथं या मोटारीले कोनी तेलाचा थेंब नाही पाजला मनानं."

तार बसवली, नट बरोबर लावला आणि भर थंडीत आम्ही दोघं कारंज्याच्या वाटेने निघालो. काय सांगू! पाय ठेवला की मोटार चालायची, उचलला की थांबायची. झोल नाही, हिसका नाही. मी वाटभर बडबडत होतो. एका वळणावर समोरून कापसाची गाडी आली. चाचाने फार उशिरा, अगदी बैलांची शिंगं खिडकीजवळ आल्यावर ब्रेक दाबला. गाडीवाल्याने शिवी घातली. मला वाटलं, चाचा ब्रेकही तपासून बघतो आहे.

परत आलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं आणि तार तशीच मऊ चालत होती. मेव्हणा फाटकात उभा होता. त्याने जे केलं ते त्याच्यासारख्या माणसाला सोपं नव्हतं. तो स्वतः मोटारीच्या दाराशी आला आणि म्हणाला, "चाचा, माही चूक झाली. तुमचा पाय बरोबर होता. तुमी कुठी जात नाही." दारात सासूबाई पदर सावरून उभ्या होत्या. मला इतकं बरं वाटलं की छाती फुगून आली. हे मी केलं, असं मला वाटत होतं आणि चेहऱ्यावर ते दिसतही असणार.

चाचा खाली उतरला. त्याने मोटारीच्या बॉनेटवर हात ठेवला.

"पाय बरोबर हाय, मालक," तो म्हणाला. "डोये नाही. ते पेरूवाली मले दिसलीच नव्हती. मोटार ओढत होती हे खरं, पन बिरेक तं होता ना. लोकं वरडले तवा समजलं का समोर कोनी हाय."

मेव्हणा काही तरी बोलायला गेला, पण चाचाने हात वर केला.

"मले वाटे, तार बिघडून राह्यली म्हनून असं होते. रोज तारीवर ढकलून देत होतो. आपल्याच मनाले सांगत होतो. आज तार सोन्यावानी झाली, आन् आजबी गाडी मले अंगावर आल्यावर दिसली. जवाईबापूले इचारा. आता कोनावर ढकलू?"

मी त्याचं नाव साफ करायला निघालो आणि त्याच्यापाशी उरलेला एकच आडोसा मीच रॉकेलने धुऊन काढला होता. शोध लागला याचा इतका आनंद मला याआधी कधी झाला नव्हता आणि इतकं वाईटही वाटलं नव्हतं.

मेव्हण्याने त्याला घरीच राहायचा खूप आग्रह केला. सासूबाई भिंत सोडून पहिल्यांदाच थेट परक्या पुरुषाशी बोलल्या, "दोन भाकरी का आमाले जड हायेत?" चाचाने कपाळाला हात लावून सलाम केला आणि नको म्हणाला. कारंज्याला त्याचा एक पुतण्या अत्तराचं दुकान चालवायचा, तिकडे जातो म्हणाला. मोटारीच्या आवाजाजवळ राहून ती चालवायची नाही, हे त्याला जमलं नसतं.

बाजाराच्या दिवशी मीच त्याला सोडायला निघालो. मोटार चालवणारा दुसरा कोणी नव्हता. वावराबाहेर चाचा पहिल्यांदाच माझ्या डावीकडे बसला, मांडीवर ट्रंक, खाकी कोटाची बटणं लावलेली. वावरात शिकवताना तो सारखा ओरडायचा, त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. मी खड्डे चुकवत, गाड्यांना वाट देत, होईल तितकं हळू चालवलं. कारंजं दिसू लागलं तसा मी पाय आणखी हलका केला, पण तार इतकी साफ होती की माझ्या पायाला वाटेल तेवढं ती मुकाट ऐकत होती, आणि माझ्या मनात सारखं येत होतं की हिच्यात कुठेतरी थोडा झोल राहायला हवा होता.